१९६९ च्या शेव्हरोले सी-टेन पिकअपला पॉवर स्टिअरिंग बसवायचे आहे: कोणता मार्ग घ्यावा?

ओहायोकर

नमस्कार मंडळी.

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका लहान गावाजवळ राहतो. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या शेतकरी कुटुंबाकडून १९६९ सालचा शेव्हरोले सी-टेन पिकअप विकत घेतला. गाडी अर्धा टन भाराच्या वर्गातली, टू-व्हील ड्राइव्ह आणि लांब हौद्याची असून तिच्यात ३५० घन इंचांचे व्ही-एट इंजिन आहे, आणि तीन गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स स्टिअरिंगच्या खांबावरच्या दांडीने चालतो. पुढचे ब्रेक ड्रमचे आहेत. या मालिकेत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९७१ पासून मिळू लागले, त्यामुळे ते अपेक्षितच होते. पत्रा आणि चेसिस दोन्ही ओहायोच्या मानाने चांगले राहिले आहेत, आणि इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार स्टिअरिंगची आहे. कारखान्यातून ही गाडी साध्या, म्हणजे मॅन्युअल स्टिअरिंगची निघाली होती. रस्त्यावर वेग घेतल्यानंतर फारसा त्रास होत नाही, परंतु दुकानाच्या आवारात गाडी मागे-पुढे करताना दोन्ही हातांनी चाक अक्षरशः ओढावे लागते. माझ्या उजव्या खांद्याचे जुने दुखणे आहे आणि फिजिओथेरपिस्टने असले ओढणे थांबवायला सांगितले आहे. माझ्या पत्नीला ही गाडी मनापासून आवडते, पण समांतर पार्किंग करावे लागेल अशा ठिकाणी ती गाडी नेतच नाही. आधीच्या मालकाने मूळ टायरांपेक्षा रुंद असे २५५ मिलिमीटरचे रेडियल टायर लावलेले आहेत, हेही येथे नोंदवतो.

थोडे वाचन केल्यावर मला तीन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे १९६७ ते १९७२ च्या एखाद्या मोडीत निघालेल्या पिकअपमधून कारखान्याचाच पॉवर स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगच्या खांबाचे फिरणे चाके वळवणाऱ्या दांड्यांपर्यंत पोचवणारी दात्यांची पेटी), पंप आणि ब्रॅकेट मिळवणे. दुसरा म्हणजे या मालिकेसाठी बाजारात मिळणारा नवा रूपांतर-संच घेणे. तिसरा म्हणजे अलीकडच्या एखाद्या छोट्या मोटारीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा खांब डॅशबोर्डखाली बसवणे, ज्यात पंप, पट्टा आणि तेल यांची भानगडच राहत नाही. मी साधी यांत्रिक कामे घरीच करतो आणि माझ्याकडे जॅक, स्टँड व बऱ्यापैकी हत्यारे आहेत, परंतु वेल्डिंग मला येत नाही.

यांपैकी कोणता मार्ग शहाणपणाचा ठरेल, आणि बॉक्सखेरीज आणखी कोणकोणते भाग बदलावे लागतील, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

निवृत्त फिटर

ओहायोकर, नमस्कार.

आपल्या तिन्ही मार्गांवर मी लगेच मत देणार नाही. आधी एक चाचणी करावी असे सुचवतो, कारण पन्नास वर्षांहून जुन्या पिकअपचे स्टिअरिंग जड असण्याचे कारण पुष्कळदा बॉक्समध्ये नसून पुढच्या सांध्यांमध्ये असते, आणि तो दोष तसाच ठेवून वर पॉवर स्टिअरिंग चढवले तर तो बरा होत नाही, नुसता झाकला जातो.

आपल्या गाडीची रचना अशी आहे: बॉक्समधून खाली आलेल्या शाफ्टवर पिटमन आर्म बसतो, तो मधल्या आडव्या दांड्याला ढकलतो, त्या दांड्याचे दुसरे टोक उजव्या बाजूच्या आयडलर आर्मवर टेकलेले असते, आणि दोन टाय रॉड दोन्ही चाके वळवतात. चाके स्वतः वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटवर फिरतात. या साखळीतील एक जरी सांधा ग्रीसअभावी सुकला असेल तरी हाताला सगळे स्टिअरिंगच जड वाटते.

चाचणीसाठी पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून गाडी स्टँडवर भक्कम उभी करावी, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंगचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि कोठे अडते, कोठे जड होते ते लक्षात ठेवावे. त्यानंतर पिटमन आर्म मधल्या दांड्यापासून सोडवावा आणि पुन्हा तसेच फिरवावे. दुसऱ्या वेळी चाक बोटाने फिरू लागले, तर बॉक्स निर्दोष आहे आणि दोष पुढच्या साखळीत आहे. दुसऱ्या वेळीही मध्यावर आवळल्यासारखे लागले, तर कोणीतरी बॉक्सवरचा समायोजनाचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रकार फार आढळतो. टाय रॉड झिजल्यामुळे स्टिअरिंगला प्ले, म्हणजे मोकळी ढिलाई, येतो, मालक तो प्ले बॉक्सच्या स्क्रूने काढू पाहतो, आणि आतले दाते मध्यबिंदूवर एकमेकांना घासू लागतात. मग गाडी सरळ जाताना चाक स्वतःहून मध्यावर येईनासे होते.

साखळी सोडवलेली असतानाच दोन्ही चाकेही हाताने डावी-उजवी वळवून पाहावीत. चांगला बॉल जॉइंट एकसारख्या, हलक्या प्रतिकाराने फिरतो, तर सुकलेला बॉल जॉइंट गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत, थांबत-थांबत फिरतो. फरक हाताला लगेच कळतो.

टायरांबद्दलही बोलले पाहिजे. उभ्या गाडीचे चाक वळवताना टायरचा जमिनीवर टेकलेला सगळा पट्टा जागच्या जागी घासत फिरतो, म्हणून रुंद टायर आणि कमी हवा या दोन्ही गोष्टी स्टिअरिंग जड करतात. हवेचा दाब तपासा. टायर झिजल्यावर पुढचा जोड थोडा अरुंद घ्यायचा विचार करता आला तर करावा. ज्यांचे खांदे धडधाकट आहेत अशा अनेकांना मी एवढ्यावरच थांबण्याचा सल्ला देतो. आपले दुखणे लक्षात घेता पॉवर स्टिअरिंग योग्यच आहे, पण चाचणी आधी करावी.

---

मिशिगनकर

निवृत्त फिटर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यांनी सांगितलेली चाचणी झाली असे गृहीत धरून मी भागांविषयी लिहितो.

माझे मत स्पष्ट आहे: पहिला किंवा दुसरा मार्ग घ्यावा, म्हणजे बॉक्सच्या पोटातच हायड्रॉलिक साहाय्य असलेली रचना वापरावी. आपल्या पिकअपला हे स्टिअरिंग त्या काळी जास्तीचे पैसे मोजून कारखान्यातून मिळत होते, त्यामुळे चेसिसशी, साखळीशी आणि इंजिनाशी ते कसे जुळते हा प्रश्न शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी तेव्हाच सोडवून ठेवला आहे. हे बॉक्स आमच्याच राज्यातल्या सॅगिनॉ गावच्या विभागात बनत असत आणि ट्रकांप्रमाणेच असंख्य मोटारींतही वापरले जात, म्हणून त्यांचे सील, बेअरिंग आणि पंप आजही कोपऱ्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. कोणत्याही जुन्या गाडीवर काम करताना मी हा निकष सर्वांत वर ठेवतो. रस्त्यात काही बिघडले, तर त्या गावात भाग मिळाला पाहिजे.

आता बारकावे. साध्या बॉक्सचे प्रमाण २४ ला १ च्या घरात असते (स्टिअरिंगचे चाक २४ अंश फिरवले की बॉक्सचा खालचा शाफ्ट १ अंश फिरतो), म्हणजे चाक पुष्कळ फेरे फिरवावे लागते आणि त्या बदल्यात जोर कमी लागतो. पॉवर बॉक्सचे प्रमाण साधारण १६ ते १८ ला १ असते, कारण जोर पंप पुरवतो. नव्या संचांमध्ये १४ ला १, आणि काही तर १२.७ ला १ एवढ्या झटपट प्रमाणाचे बॉक्स देतात. जाहिरातीत ते आकर्षक वाटते, परंतु लांब, उंच, मागून हलका असा पिकअप ताशी ७० मैलांवर चालवताना मनगटाच्या जराशा हालचालीने गाडी रेषा सोडते, आणि तीनशे मैलांच्या प्रवासानंतर माणूस त्यानेच थकतो. आपल्या वापरासाठी १६ ला १ च्या आसपासचा बॉक्स मागून घ्यावा.

पिटमन आर्म हा पहिला सापळा आहे. साध्या बॉक्सच्या आणि पॉवर बॉक्सच्या खालच्या शाफ्टची जाडी सारखी नसते, म्हणून आपला जुना आर्म नव्या बॉक्सवर बसणार नाही. मोडीच्या यार्डातून बॉक्स घेत असाल तर आर्म त्याच्यासोबतच घ्यावा. तो काढण्यासाठी पुलर वापरावा आणि शाफ्टवर हातोडा मारू देऊ नये, कारण तो धक्का थेट आतल्या बेअरिंगना आणि दात्यांना बसतो. यार्डात आणखी एक दक्षता घ्यावी लागते: त्याच वर्षांच्या फोर-व्हील ड्राइव्ह के-टेन पिकअपचे स्टिअरिंग वेगळ्या रचनेचे आहे, तेव्हा बाहेरून पत्रा तसाच दिसला तरी त्याचा बॉक्स उचलून आणू नये.

दुसरा सापळा खांबाच्या लांबीचा. पॉवर बॉक्स साध्या बॉक्सपेक्षा लांब असतो, त्यामुळे तो बसवल्यावर आपल्या खांबातला शाफ्ट तेवढाच जास्त लांब ठरतो. येथे तीन पर्याय उरतात. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीचा आखूड शाफ्ट शोधावा, किंवा आपला शाफ्ट मोजून कापून त्याच्या टोकाला डबल-डी आकार (समोरासमोरच्या दोन बाजू सपाट) देऊन त्यावर योग्य युनिव्हर्सल जॉइंट बसवावा, किंवा या कामासाठीच बनवलेला नवा खांब घ्यावा. स्टिअरिंगचा शाफ्ट कापून टोकाला टोक लावून वेल्ड करणे मात्र कोणीही, कितीही आत्मविश्वासाने सुचवले तरी स्वीकारू नये. आपल्याला वेल्डिंग येत नाही ही या बाबतीत उणीव नाही.

खांब आणि बॉक्स यांच्यामध्ये कापड-रबराचे एक गोल कपलिंग असते, ज्याला इथे सर्वजण रॅग जॉइंट म्हणतात. बॉक्स बदलल्यावर ते बहुधा बदलावेच लागते, कारण बॉक्सच्या वरच्या टोकाचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) वेगळे असतात, आणि पॉवर बॉक्समध्येही वर्षांनुसार ते बदलत गेले आहेत. कपलिंग मागवताना गाडीचे नव्हे, बॉक्सचे वर्ष सांगावे. या कपलिंगमध्ये विजेची वाट राखण्यासाठी धातूची जाळी किंवा तार असते. हॉर्नच्या बटणाचे अर्थिंग शाफ्टमधून बॉक्सकडे आणि तेथून चेसिसकडे जाते. स्वस्त कपलिंगमध्ये ती जाळी नसेल, तर स्टिअरिंग उत्तम चालते आणि हॉर्न वाजत नाही. अशा वेळी लोक हॉर्न आणि रिले बदलत बसतात, आणि दोष एका बोटभर तारेत असतो.

पंपाबद्दल. त्या काळचा सॅगिनॉ पंप व्ही-पट्ट्यावर चालतो, म्हणून क्रँकच्या पुलीला एक जास्तीची खाच लागते. आपल्या पुलीवर ती आहे का, हे आजच पाहून घ्यावे. लहान व्ही-एट इंजिनांवर आखूड आणि लांब असे दोन प्रकारचे पाण्याचे पंप येतात आणि त्यांच्या लांबीत एक इंचाहून अधिक फरक असतो; ब्रॅकेट आणि पुली एका प्रकारच्या आणि पाण्याचा पंप दुसऱ्या प्रकारचा असेल तर पट्टा कधीही सरळ रेषेत येत नाही. इंजिन पूर्वी कधी बदलले गेले असेल तर मूळ गाडीत काय होते यावर विसंबून राहू नये, प्रत्यक्ष मोजावे.

होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, घेतानाही बॉक्सचे वर्ष पाहावे लागते. १९८० च्या सुमाराला सॅगिनॉ बॉक्सची तोंडे बदलली: आधीच्या बॉक्सला इंचांच्या मापाचे फ्लेअर जोड लागतात आणि नंतरच्या बॉक्सला मिलिमीटरच्या मापाचे, ओ-रिंगचे. चुकीचा जोड पहिले एक-दोन आटे अगदी निमूटपणे आत जातो. पुढे पान्याने जोर लावला की बॉक्सच्या तोंडाचे आटेच जातात.

---

ओहायोकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. या शनिवारी चाचणी केली, तिचा वृत्तांत देतो.

चाके उचलल्यावर स्टिअरिंग बरेच हलके झाले, पण उजवीकडे शेवटच्या फेऱ्यात ते स्पष्टपणे जड होत होते. पिटमन आर्म सोडवल्यावर बॉक्स दोन्ही टोकांपर्यंत एकसारखा फिरला. उजव्या बाजूचा आयडलर आर्म मात्र हाताने हलवता हलेना, आणि त्याच बाजूच्या वरच्या बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटून आतले ग्रीस वाळून काळे, कडक झालेले होते. टाय रॉडची बाहेरची टोकेही थोडी ढिली आहेत. हे सगळे भाग मागवले आहेत. क्रँकच्या पुलीला दोन खाचा आहेत आणि दोन्ही सध्या वापरात आहेत. चेसिसच्या डाव्या रेलवर जुन्या बॉक्सच्या बोल्टांजवळ कोठेही तडा दिसला नाही.

जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा आखूड शाफ्ट इथल्या दोन्ही यार्डांत मिळाला नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक खांबाचा मोह पुन्हा होत आहे. त्यावर कोणी लिहील का?

---

विजेरी

मी माझ्या जुन्या गाडीत इलेक्ट्रिक खांब वापरतो, म्हणून त्याची बाजू मांडतो.

या कामासाठी लोक बहुधा २००२ ते २००७ च्या सॅटर्न व्ह्यू गाडीचा खांब शोधतात. त्याचे कारण असे की गाडीच्या संगणकाकडून वेगाची माहिती मिळाली नाही, तर हा खांब बंद न पडता एका ठरावीक साहाय्यावर चालत राहतो, आणि बाजारात मिळणारी छोटी नियंत्रक पेटी जोडली की ते साहाय्य एका नॉबने कमी-जास्त करता येते. इंजिनाच्या समोर काहीही बसवावे लागत नाही, होज नाहीत, गळती नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन मूळ स्थितीतच दिसते. ज्यांना बॉनेटखालची जुनी मांडणी जशीच्या तशी जपायची आहे, त्यांच्यासाठी हा फार मोठा लाभ आहे.

विजेचा विचार मात्र गांभीर्याने करावा लागतो. उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवताना ही मोटर काही क्षण ५० ते ६० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. जुन्या मापाचा अल्टरनेटर, लावलेले दिवे आणि मंद गतीवर चाललेले इंजिन अशा वेळी दिवे मंदावतात. मोठा अल्टरनेटर, बॅटरीपासून थेट आणलेली जाड तार आणि बॅटरीजवळच बसवलेला फ्यूज या तिन्ही गोष्टी केल्याशिवाय हे काम पूर्ण झाले असे समजू नये. खांबाचे वरचे आणि खालचे टोक आपल्या गाडीशी जुळवण्यासाठी कारागिराची मदत लागेल, हेही खरे.

---

मिशिगनकर

विजेरी यांनी मांडणी प्रामाणिकपणे केली आहे, आणि हलक्या गाडीसाठी मीही तोच मार्ग सुचवला असता. परंतु या विशिष्ट पिकअपबाबत दोन अडचणी राहतात.

पहिली म्हणजे साहाय्य कोठे मिळते हा मुद्दा. खांबावरची मोटर जो जोर लावते तो सगळा रॅग जॉइंटमधून आणि मूळच्या साध्या बॉक्सच्या दात्यांमधून पुढे जातो. तो बॉक्स माणसाच्या दोन हातांच्या जोराचा हिशेब करून बनवलेला आहे. रुंद टायर फुटपाथच्या कडेला अडलेले असताना माणूस थोडा जोर लावतो आणि मोटर त्यात स्वतःचा बराच जोर घालते. हायड्रॉलिक बॉक्समध्ये असे होत नाही. तेथे चाकाचा शाफ्ट एका बारीक टॉर्शन बारला पीळ देतो, त्या पिळाने झडप उघडते, आणि तेलाचा दाब थेट बॉक्समधल्या पिस्टनवर पडतो. खांबातून आणि कपलिंगमधून जाणारा जोर बोटांपुरताच राहतो. दुसरी अडचण अशी की इलेक्ट्रिक खांब बसवल्यावर बॉक्सचे २४ ला १ हे प्रमाण तसेच राहते. चाक हलके होईल, पण पार्किंगमध्ये फेरे तितकेच मारावे लागतील, आणि दुखऱ्या खांद्याला जोराइतकाच फेऱ्यांचाही त्रास होतो.

शाफ्टसाठी नव्या खांबाची गरज नाही. आपला शाफ्ट कापून डबल-डी करून देणारे मशिनिंगचे दुकान कोणत्याही मध्यम शहरात सापडते. मात्र नवा बॉक्स जागेवर बोल्टने बसल्यानंतरच माप घ्यावे, कॅटलॉगमधला आकडा पाहून कापू नये. कॅबचे रबरी माउंट जुने होऊन दबलेले असतील तर खांब आणि बॉक्स यांच्यातले अंतर गाडीगणिक बदलते. पुलीवरच्या दोन्ही खाचा वापरात असतील, तर तीन खाचांची पुली घ्यावी लागेल; ती सहज मिळते.

---

निवृत्त फिटर

आयडलर आर्म सापडला हे उत्तम झाले. बसवण्यासंबंधी काही गोष्टी लिहून ठेवतो, कारण संचासोबत येणाऱ्या कागदावर त्या दोन ओळींत उरकलेल्या असतात.

नवा बॉक्स चेसिसवर चढवण्यापूर्वी त्याचा मध्य शोधावा. शाफ्ट एका टोकापर्यंत नेऊन तेथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजावेत आणि त्याच्या बरोबर निम्म्यावर थांबून खूण करावी. बॉक्स या मध्यावर, पुढची चाके सरळ आणि स्टिअरिंगचे चाक सरळ, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्यावरच पिटमन आर्म घट्ट करावा. बॉक्स मध्यापासून सरकलेला असताना चाक काढून सरळ बसवले, तर वरवर सगळे बरोबर दिसते, परंतु गाडी एका बाजूला कमी वळते आणि दाते नेमके जेथे सर्वांत चपखल बसायला हवेत तेथे ढिलाई राहते. थोडासा फरक उरला तर तो टाय रॉडच्या नळ्या दोन्ही बाजूंना सारख्या फिरवून काढावा.

पंप बसवल्यावर त्याच्या आणि क्रँकच्या पुलीवर एक सरळ पट्टी धरून पाहावी. होज एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून दूर न्यावेत आणि चाके दोन्ही टोकांना पूर्ण वळवून ते कोठे ताणले जात नाहीत ना, घासत नाहीत ना, हे पाहावे. तेल पॉवर स्टिअरिंगचेच घालावे. ब्रेकचे तेल चुकूनही जाऊ देऊ नये, त्याने सील फुगून निकामी होतात.

हवा काढताना घाई करू नये. पुढची चाके उचलून, इंजिन सुरू न करता, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावे आणि टाकीतली पातळी खाली जाईल तसे तेल भरत जावे. वीस-पंचवीस वेळा फिरवल्यानंतर बुडबुडे येणे थांबते. त्याआधी इंजिन सुरू केले तर पंप हवा आणि तेल यांचा फेस करतो, तो फेस बसायला कित्येक तास लागतात आणि तोवर पंप कण्हत राहतो. इंजिन सुरू केल्यावर चाक टोकाला नेऊन दाबून धरू नये. सरळ स्थितीत पंपाचा दाब चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपास असतो, तर टोकाला तो हजारच्या वर जाऊन रिलीफ झडपेवर थांबतो आणि तेल झपाट्याने तापते. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त तसे धरू नये. ही सवय पुढेही ठेवावी.

आता कॅस्टर. या विषयावर मी थोडा हट्टी आहे. बाजूने पाहिल्यावर बॉल जॉइंटची रेषा मागे किती कललेली आहे, त्याला कॅस्टर म्हणतात. तो जास्त असेल तर चाक आपोआप मध्यावर परतते आणि गाडी वेगात सरळ राहते, पण वळवायला जोर लागतो. म्हणूनच साध्या स्टिअरिंगच्या गाड्यांना कारखाना तो फार कमी ठेवत असे. आपण पॉवर बॉक्स बसवून जुन्याच कोनांवर गाडी चालवली, तर महामार्गावर ती तरंगल्यासारखी वाटेल आणि वळणातून बाहेर पडताना चाक हाताने परत आणावे लागेल. त्याचा दोष लोक बॉक्सला देतात. आपल्या अलाइनमेंटच्या दुकानदाराने संगणकावर १९६९ सी-टेन एवढेच निवडले, तर यंत्र त्याला जुने आकडे दाखवेल आणि तो इमानदारीने तेच साधून देईल. त्याला गाडी सोपवतानाच कागदावर लिहून द्यावे की दोन्ही बाजूंना सारखा, किमान तीन अंश आणि जमल्यास चार अंश धन कॅस्टर हवा आहे. वरच्या आर्मच्या शाफ्टखालच्या शिम (पातळ धातूच्या चकत्या) कमी-अधिक करून तो मिळवला जातो. मूळ आर्मवर दोन-अडीच अंशांच्या पुढे जागा उरली नाही, तर जास्तीचा कॅस्टर राखून बनवलेले वरचे आर्म या मालिकेसाठी मिळतात. बॉल जॉइंट आपण बदलणारच आहात, तेव्हा ते मागवण्याआधी हे आर्म पाहून घ्यावेत, कारण त्यातले बरेचसे नव्या बॉल जॉइंटसकटच येतात.

---

ओहायोकर

आभारी आहे. वरच्या बॉल जॉइंटची मागणी आजच रद्द केली असून त्याऐवजी जास्त कॅस्टरचे आर्म बॉल जॉइंटसह मागवतो आहे. बॉक्स १६ ला १ चा, नवा, फ्लेअर जोडांचा घ्यायचे ठरवले आहे. कपलिंग मागवताना विक्रेत्याला धातूच्या जाळीबद्दल विचारले, तर त्याने प्रश्न ऐकून आधी फोन बाजूला ठेवला आणि खोक्यातून एक कपलिंग काढून मल्टिमीटरने तपासून सांगितले की वीज आरपार जाते. शाफ्ट कापून देणारे दुकान टोलीडोला मिळाले आहे. बॉक्स जागेवर बसला की माप घेऊन तिकडे जाईन.

एक शेवटची शंका: स्टिअरिंगचे चौदा इंची चाक लावावे की मूळचे मोठे चाकच ठेवावे?

---

मिशिगनकर

मूळचेच ठेवावे. पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडले तर पॉवर बॉक्स मूळच्या साध्या बॉक्सपेक्षाही जड लागतो, कारण त्याचे प्रमाण जलद असते आणि तेलही हातानेच ढकलावे लागते. त्या प्रसंगी मोठ्या चाकाची तरफ आपल्या खांद्याला उपयोगी पडेल. पट्टा बसवल्यावर पहिल्या शंभर मैलांनंतर त्याचा ताण पुन्हा तपासावा.